मामा हलके झाले

कऱ्हाडपासून कणकवलीपर्यंत कुठल्याही मंगल कार्यालयात जा, फोटोवाले मामा भेटतातच. अंगात बारा खिशांचं जाकीट आणि भटजींपेक्षा जास्त अधिकार. भटजींनी मुहूर्त फार तर सांगावा. तो चुकवायचा हक्क मामांचा. 'हार परत घाला, भावजी मध्ये आले,' असं मामांनी म्हटलं की लग्न दुसऱ्यांदा लागतं. 'मामा, जरा बाजूला व्हा,' असं भटजी वैतागून म्हणाले की मुलीचा सख्खा मामा दचकून सरकतो, आणि हे जागच्या जागी.

हा अधिकार तीस वर्षांच्या अनुभवातून आला, असं मामांना वाटायचं. तो आला होता गळ्यातल्या वजनातून.

मामांनी सुरुवात केली याशिकावर. रोलमध्ये बारा फोटो. मग पेन्टॅक्स के १००० आला, छत्तीस फोटोंचा. अख्खं लग्न तीन रोलांत, म्हणजे १०८ फोटोंत बसवायचं. जपमाळच ती, मणी मोजूनच ओढायचा. नवरदेवाच्या मावसभावाचे मित्र ग्रुप फोटोसाठी हटून बसले, तर मामा नुसता फ्लॅश उडवून त्यांची बोळवण करत. आता इतक्या वर्षांनी हे सांगायला हरकत नाही.

डिजिटल आलं आणि मामांचा सुवर्णकाळ सुरू झाला. छातीवर कॅननच्या दोन फाइव्ह-डी मार्क थ्री, एकेक साडेनऊशे ग्रॅमची. एकीला २४-७० ची लेन्स, दुसरीला ७०-२०० ची. ते पांढरं धूड एकटंच दीड किलोचं. वर दोन फ्लॅश. हा पाच किलोंचा संसार सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत मानेवर. पुढे मान वळेना. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. मामांनी भात सोडला.

डॉक्टरांना काय म्हणायचं होतं ते भाच्यानं समजावलं. 'मामा, अख्खा धंदा मिररलेसवर चाललाय. २०१८ साली सोनीचा ए-सेव्हन-थ्री आला, त्याच वर्षी निकॉन आणि कॅननसुद्धा फुल फ्रेम मिररलेसमध्ये उतरले.'

'आरसाच काढला तर दिसणार कशात?' मामांची शंका रास्त होती. जुन्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेलं चित्र आरशावर आपटून वर डोळ्याकडे जातं. बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि खटॅक होतं. नव्यात सेन्सर जे पाहतो तेच डोळ्यासमोरच्या इवल्याशा पडद्यावर दिसतं. आरसा गेला, त्याची खोली गेली, पेटी बारीक झाली.

मामांनी कॅननच्याच दोन मिररलेस आर-सिक्स घेतल्या, नुसत्या बॉडीलाच दोन लाखांवर मोजून. मामींनी वहीत हिशेब मांडला. बॉडीमागे २७० ग्रॅम वाचले, नव्या ७०-२०० मध्ये ४२०. नवी २४-७० मात्र जुनीपेक्षा ९५ ग्रॅमनं जड निघाली. आरसा असला-नसला, भिंगाच्या काचेला त्याचं सोयरसुतक नसतं. निव्वळ बचत ८६५ ग्रॅम. मामी म्हणाल्या, 'आधी मला विचारायचं. जाकिटातल्या किल्ल्या, तंबाखूची डबी आणि मेलेले सेल फुकटात काढून दिले असते.'

पहिल्याच लग्नात मुलीचे वडील मामांच्या समोर उभे राहून मामांनाच विचारते झाले, 'फोटोग्राफर आले नाहीत का अजून?' पलीकडे नवरदेवाचा इंजिनिअर मित्र हौसेनं भलामोठा जुना कॅमेरा घेऊन आला होता. कार्यालयवाल्यानं सरबत त्याला दिलं.

भाच्यानं मंगलाष्टकांसाठी कॅमेरा सायलेंटवर टाकून दिला होता. वास्तविक मावशींच्या सुरापुढे शटर ऐकतंय कोण! पण तो तसाच राहिला आणि त्यात फ्लॅशही उडत नाही. स्टेजवर मुलाकडची पंचवीस माणसं दात काढून उभी. मामांनी चार फोटो काढले. कुणी हलेना. मामांनी मान डोलावली. तरी कुणी हलेना. शेवटी आत्याबाई ओठ न हलवता म्हणाल्या, 'काढला का रे बाबा? दात सुकले माझे.' तेव्हापासून मामा फोटो काढून झाला की तोंडानं 'खट्ट' म्हणतात.

यंत्र गुणी आहे, हे मामाही मान्य करतात. पूर्वी जवळून फोटो घेताना फोकस मुंडावळ्यांच्या मोत्यावर बसायचा आणि नवरीचे डोळे धुक्यात. हा कॅमेरा बरोबर डोळा धरतो. फक्त तो डोळा कुणाचा, याची त्याला पर्वा नाही. स्टेजमागे प्री-वेडिंगचा बॅनर होता. कॅमेऱ्यानं त्याच्यावरची नवरी धरली. छापील नवरी टवटवीत, खरी पुसट.

त्याहून मोठा घोटाळा एलईडीचा. सायलेंटमध्ये सेन्सर चित्र ओळीओळीनं वाचतो आणि मंडपातले एलईडी डोळ्याला न कळता लुकलुकत असतात. मग फोटोत आडवे काळे पट्टे उमटतात. शालूवरचे पट्टे मामांनी 'काठाचं डिझाइन' म्हणून खपवले असते. पण तेच डिझाइन भटजींच्या उघड्या पाठीवरही आलं होतं.

शिवाय सायलेंटमध्ये सेकंदाला वीस फोटो. 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या, मामांचं बोट राहिलं बटणावर. साडेपाच सेकंदांत अख्खी जपमाळ ओढून झाली. भाचा अजून त्यातला एक तांदूळ निवडतोय.

मान मात्र आता वळते. मामा पंगतीत दोन्हीकडचा वाढपी पाहू शकतात. भातही पुन्हा सुरू झालाय.

गेलेला अधिकार परत आणायला मामांनी आधी कॅमेऱ्याखाली बॅटरी ग्रिप लावली, मग भिंगावर बादलीएवढं हूड. वाचलेल्या ८६५ ग्रॅमपैकी किती उरले, ते मामींना कुणी सांगितलेलं नाही. तेवढ्यानंही सरबत येईना, तेव्हा जुनी फाइव्ह-डी पांढऱ्या ७०-२०० सकट भाच्याच्या गळ्यात गेली. भाचा ती घेऊन नुसता पुढे चालतो. लोक वाट देतात, काकालोक खुर्च्या सरकवतात, मुलीचे वडील नमस्कार करतात. मामा मागून चिमुकला कॅमेरा काढून काम उरकतात.

त्या फाइव्ह-डीत बॅटरी नसते, कार्डही नसते. बिलात मात्र तिचे वेगळे पैसे लावलेले असतात.