दिवसाला एकच ब्लास्टिंग

कन्हानच्या माणसाला ट्रकचं अप्रूप नाही. जबलपूर रोडवरून जाणारे कोळशाचे ट्रक, रेतीचे ट्रक आणि कुठून कुठे निघालेत हे ड्रायव्हरलाच ठाऊक असलेले ट्रक बघतच आम्ही लहानाचे मोठे झालो. जपानी गोष्टींत म्हणे नायकाला ट्रकने उडवलं की तो थेट दुसऱ्या दुनियेत जन्म घेतो, तिथे त्याला जादूची तलवार मिळते आणि राजकन्या त्याच्या मागे लागतात. पोरीने हे सांगितलं आणि माझ्या डोळ्यांसमोर तारसा चौक उभा राहिला. रामटेकचा फाटा फुटतो म्हणून रेल्वेने कन्हानला जंक्शनचा दर्जा दिला. या न्यायाने तारसा चौकालाही द्यायला हरकत नाही.

या गोष्टी येतात लाइट नॉव्हेलमधून. लाइट नॉव्हेल म्हणजे खिशात मावणारी, मधेमधे चित्रं असलेली, पारावर गप्पा हाणाव्यात तशी लिहिलेली कादंबरी. पुष्कळशा आधी इंटरनेटवर फुकट येतात, वाचकांनी डोक्यावर घेतल्या की छापल्या जातात आणि खपल्या की त्यांचा ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, निघतो. नावं मात्र सरकारी अर्जातल्या विषयासारखी लांबलचक. व्हेंडिंग मशीन होऊन पुनर्जन्म घेतलेल्या माणसाची मालिका 2023 मध्ये खरोखर आली आणि ही सगळी हकीकत तिच्या शीर्षकातच आहे.

पोरीने मला लावून दिली ती ‘कोनोसुबा’. लेखक नात्सुमे आकात्सुकी. पुस्तकं 2013 पासून, एकूण 17. ॲनिमेचा पहिला सीझन 2016 चा, दहा भागांचा. त्यातला काझुमा नावाचा घरकोंबडा एका मुलीला ट्रकखालून वाचवायला धावतो आणि मरतो. वर गेल्यावर देवी त्याला सांगते की बाबा रे, तो ट्रक नव्हताच, सावकाश येणारा ट्रॅक्टर होता आणि तो थांबणारही होता. तुला तो लागलासुद्धा नाही, तू नुसता दचकून मेलास. डॉक्टर-नर्सच काय, घरचेही हसले म्हणे. रेतीच्या ट्रॅक्टरला रोज कट मारून ऑफिस गाठणाऱ्या मला त्या क्षणी कळलं की ही मालिका आपली आहे.

चांगली गोष्ट सापडली की ती दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय माझं अन्न पचत नाही. शेजारचे काकाजी आयतेच सापडले. कोळसा खाणीत शॉटफायरर म्हणून, म्हणजे ब्लास्टिंगचे बार उडवत, उभी हयात काढलेला माणूस. आता बाजेवर बसून पेपर वाचतात आणि पेपर संपला की जाहिराती वाचतात.

“कार्टून?” काकाजी म्हणाले. “या वयात मले पोट्ट्यायचे चाळे करायले लावतं का गा?”

मी मोगली काढला. रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचा तो मोगलीही जपानीच, निप्पॉन ॲनिमेशनने 1989 मध्ये काढलेला. शेरखानचा हिंदी आवाज नाना पाटेकरांचा. आणि गोष्ट कुठली, तर इथून तासा-दीड तासावरच्या पेंचच्या जंगलाकडची, जिथून पेंच नदी येऊन आपल्याच कन्हान नदीला मिळते. म्हणजे जपान्यांनी आपलं जंगल नेलं, आपण त्यांचा ट्रॅक्टर बघायला काय हरकत आहे? नाना पाटेकरांचं नाव कामी आलं. लाइट नॉव्हेल म्हणजे काय हे सांगायला बाबुराव अर्नाळकर कामी आले. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्या त्या माणसाची पुस्तकं काकाजींनी नाइट शिफ्टला झोप उडवायला वाचली होती.

मग रोज संध्याकाळी आमच्याकडे बैठक. बोलणं जपानी, खाली अक्षरं इंग्रजी आणि पोरीचं धावतं वर्णन नागपुरीत. पत्ताकोबीचा भाग काकूंना फार आवडला. त्या दुनियेत कोबी पिकली की आपल्याला कोणी खाऊ नये म्हणून थव्याने उडून जाते. तिला पकडायला गावभर माणसं जाळी घेऊन धावतात आणि नगाला दहा हजार एरिस भाव मिळतो. आपल्याकडे भाव पडला की शेतकरी उभ्या कोबीवर नांगर फिरवतो. तिथे कोबीच आधी शहाणी होते. काझुमाबरोबर त्या दुनियेत आलेल्या देवीबाईंनी मोठ्या तोऱ्यात माल आणला, पण तो निघाला बहुतेक लेट्यूस. हातात चिल्लर पडल्यावर त्यांनी जे भोकाड पसरलं, ते बघून काकू म्हणाल्या, “कळमन्याच्या मार्केटले गेली असंन.”

अडचण होती डार्कनेसची. ही सरदारीण तलवार चालवते पण नेम लागत नाही, आणि मार खायला मिळाला की तिला आनंद होतो. का होतो, हे पोरीदेखत काकाजींना सांगण्यासारखं नाही. मी ‘फार सोशिक आहे’ एवढ्यावर आटोपलं. काकूंनी मान डोलावली. “आमच्या वेळच्या साऱ्या बाया तशाच.”

पण काकाजी खरे सरसावून बसले ते मेगुमिन आल्यावर. या पोरीला एकच मंत्र येतो, महास्फोटाचा. तोही दिवसाला एकदा. मग ती जागच्या जागी कोसळते आणि काझुमा तिला पाठीवर घेऊन घरी आणतो. सरावासाठी ती रोज टेकडीवरचा एक ओसाड किल्ला उडवते. एके दिवशी त्या किल्ल्यात राहणारा राक्षसी सेनापती स्वतःचं मुंडकं हातात धरून वेशीवर येतो आणि ओरडतो: रोज रोज माझ्या घरावर हा धमाका कोण करतं? खाणीचं ब्लास्टिंग झालं की ज्याच्या मांडणीवरचे डबे थरथरतात, त्या माणसाला या प्रसंगात राक्षसाची बाजू न्यायाची वाटते. मला वाटली. एवढा रागावलेला असूनही त्याने आधी बरेच दिवस कळ सोसली होती. आमच्यातला कोणी असता तर दुसऱ्याच दिवशी निवेदन देऊन, पेपरात फोटो छापून मोकळा झाला असता.

काकाजी मात्र मेगुमिनच्या बाजूने होते आणि तिच्यावरच भडकले होते. “सायरन कुठं हाय? लाल झेंडी कुठं हाय? माणसं हटवली का कोणी? अन् शॉटफायररच बेशुद्ध पडते, तं मिसफायर कोण तपासन?”

“काकाजी, जादू आहे ती.”

“जादू असो का बारूद. नियम म्हणजे नियम.”

तरी एकही भाग त्यांनी चुकवला नाही. पुढे त्या सेनापतीला मारल्याचं बक्षीस मिळतं, पण लढाईत गावाची जी मोडतोड झाली तिचं बिल बक्षिसाहून मोठं निघतं आणि हे चौघे कर्जात जातात. काकाजी समाधानाने म्हणाले, “हे बरोबर दाखवलं.”

आता शिफारशीचं खातं त्यांनीच चालवायला घेतलं आहे. सकाळी पुलाकडे फिरायला जाणाऱ्या रिटायर मंडळींत त्यांनी बातमी पसरवली की जपानमधल्या ब्लास्टिंगवर एक सिरीज आहे. मी चौकाशी गाडी थांबवली, तर विषय चालूच होता.

“क्वार्टर भेटते का तिथं?” एकाने विचारलं.

“नाई. सुरुवातीले तं तबेल्यातच झोपतात.”

“अन् काम?”

“तटाची भिंत बांधाचं. रोजीनं.”

“मंग ठेकेदारीतले असतीन,” तो म्हणाला, आणि सगळ्यांना मालिका एकदम समजली.