तीन गळे, एक माईक आणि आमचे मित्रवर्य

साठच्या दशकातल्या अमेरिकन फोक-रॉकमधले ते एकमेकांत विरघळलेले आवाज घरच्या घरी रेकॉर्ड करू इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. आदर्श म्हणून क्रॉसबी, स्टिल्स आणि नॅश या त्रिकुटाचा १९६९चा पहिला अल्बम समोर ठेवावा. त्यातही ‘हेल्पलेसली होपिंग’. एक गिटार आणि तीन गळे, लपायला जागाच नाही.

सर्वप्रथम, खर्च करू नये. आमच्या मित्रवर्यांच्या छंदाची सुरुवातच हा नियम मोडून झाली. त्यांच्याकडे जुन्या टेपची खरखर आणणारं सॉफ्टवेअर आहे आणि खरखर घालवणारंही आहे. दोन्ही एकदमच चालू असतात.

खोलीत गाद्या उभ्या कराव्यात, कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडं ठेवावं. पंखा आणि फ्रिज बंद करावा. फ्रिज पुन्हा चालू करण्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा. कुकरच्या शिट्ट्यांविषयी स्वयंपाकघराशी आगाऊ बोलणी करावीत, सूर नम्र असावा.

माईक एकच. सायमन आणि गारफंकल एकाच माईकसमोर उभे राहून गात आणि मग तेच पुन्हा गाऊन दुसरा थर चढवत. यात मेख अशी, की एकदा रेकॉर्ड झाल्यावर एकट्याचा आवाज कमी-जास्त करता येत नाही. जो काही तोल साधायचा तो पायांनी: ज्याचा आवाज मोठा त्याने मागे सरकावं. मित्रवर्य सांगितल्यावर अर्धं पाऊल मागे जातात आणि ओळ संपेपर्यंत पाऊलभर पुढे आलेले असतात. जमिनीवर खडूने रेघ मारून पाहावी. आम्ही मारली. ती त्यांना दिसत नाही, कारण गाताना ते डोळे मिटतात.

आता मुख्य प्रश्न: मधला आवाज कुणी गायचा? या त्रिकुटात वरचा सूर बहुधा नॅशचा, खालचा स्टिल्सचा आणि मधला क्रॉसबीचा. वरचा लक्षात राहतो, खालचा आधार देतो, मधल्याकडे कुणाचं लक्ष नसतं आणि तो हलला की सगळं कोसळतं. मधली चाल एकटी ऐकली तर ती चालच वाटत नाही. एका सुरावर रेंगाळते, अर्ध्या सुराने सरकते, परत येते. अशी चाल शास्त्रीय तालीम झालेल्या माणसाला देऊन पाहा! मित्रवर्य दुसऱ्या ओळीत अलगद मुख्य चालीवर उतरतात आणि चौथीत हरकत घेतात.

त्या तालमीचा फायदाही आहे, हे नाइलाजाने नोंदवतो. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ज्याच्या कानात बसला आहे, त्याला कीबोर्डचा गंधार चढा लागतो. फरक सुमारे १४ सेंटचा, म्हणजे अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा. म्हणून भाग कीबोर्डवर शिकावेत, पण नंतर तो बंद करून एकमेकांचे सूर धरून गावं. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर तर गळ्याला पुन्हा कीबोर्डच्याच खुंटीला आणून बांधतं. हे मित्रवर्यांनीच मला शिकवलं. सॉफ्टवेअर मात्र त्यांनी घेतलेलं आहेच.

शब्दांच्या शेवटचे ‘स’ आणि ‘ट’ एकानेच उच्चारावेत. तिघांनी उच्चारले की ओळीच्या टोकाला फोडणी तडतडते.

दुसरा थर खरोखर गावा. पहिलाच ट्रॅक कॉपी करून डावीकडे-उजवीकडे टाकला तर आवाज नुसता मोठा होतो. भरीवपणा येतो तो दोन वेळच्या गाण्यातल्या बारीक फरकांमुळे. जॉन लेननला तेच ते पुन्हा गायचा कंटाळा होता, म्हणून १९६६मध्ये ॲबी रोड स्टुडिओच्या केन टाउनसेंड यांनी टेपयंत्रांच्या साहाय्याने नकली जोडआवाज काढायची युक्ती शोधली. आपण लेनन असल्यास कंटाळा करावा.

भांडणांनी खचू नये. क्रॉसबी, स्टिल्स आणि नॅश पहिल्यांदा एकत्र कुठे गायले यावरसुद्धा त्यांचं कधी एकमत झालं नाही. नॅश सांगत जोनी मिचेलच्या घरी, स्टिल्स सांगत कॅस एलियटच्या घरी.

शेवटची सूचना तारखेबद्दल. रेकॉर्डिंग शक्यतो जुलैत ठेवावं. पावसात मित्रवर्यांना सर्दी होते, घसा बसतो, हरकत घेता येत नाही. नाइलाजाने ते हळू गातात, उरलेल्या दोघांचं ऐकत गातात, आणि मधला आवाज असा काही बसतो, की आम्ही दोघं त्यांना आल्याचा चहा मुद्दाम उशिरा देतो.