केळीच्या भावसाहेबांना पत्र

मा. भावसाहेब,
मुक्काम : फलक

साष्टांग नमस्कार.

आपण रोज न चुकता मोबाईलवर येता, नवती (नव्या लागणीची केळी) इतके, पिलबाग (पिलांवर घेतलेली केळी) इतके. वाचून आई देवापुढे साखर ठेवते. आमच्या बांधावर मात्र आपले पाय अजून लागलेले नाहीत. येतात ते आपले धाकटे बंधू. तोंडवळा तोच, अंगाने पार रोड.

सहा बाय पाचवर एकरी साडेचौदाशे खोडं उभी केली. टिश्यूकल्चरची रोपं, ठिबक, खतं, सगळं वर्षभर आपल्या भरवशावर उधार. घड भरले तसा व्यापाऱ्याला फोन लावला. म्हणाला, ''दिल्लीला थंडी आहे, उठाव नाही.''

''शेठ, मे महिना चालू आहे.''

''तेच म्हणतो, ऊन फार आहे.''

कापूसवाल्याचं बरं असतं. भाव पटला नाही तर घरात कापूस भरतो आणि त्यावरच झोपतो. आमचा घड खोडावरच पिवळा पडू लागतो. हे आपल्याला ठाऊक, शेठला त्याहून जास्त. म्हणून गाडी चार दिवस उशिरा आली. तोवर काही घडांची साल तडकली होती. त्यांना 'वापसी' म्हणून बाजूला काढलं. उरलेल्या मालात दांड्यापोटी वजन कापलं. दांडा काय मी वेगळा चिकटवला होता? 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालंय, हेही सांगून पाहिलं. शेठ म्हणाले, ''मग तेही काट्यावर ठेवा.''

एक कोडं तेवढं सोडवा. आम्ही विकतो क्विंटलने, पुण्यातली माझी बहीण घेते डझनाने. मधे पिकवण केंद्राचं वीजबिल आहे, गाडीभाडं आहे, हातगाडीवर काळी पडणारी फणी आहे, सगळं कबूल. पण बहीण म्हणते केळी महाग झाली, मी म्हणतो मातीमोल गेली, आणि केळी एकाच बागेतली! क्विंटलाचे डझन करणारा हिशोबनीस कोण, ते कळलं तर त्याच्याकडे मुलाला शिकवणीला पाठवीन.

आपला,
रावेर तालुक्यातला एक केळीवाला

ता. क. : एकदा घरी याच. चहाचं दूध घरचं आहे. केळी मात्र येताना घेऊन या, आमची सगळी गाडीत चढली.