वनस्पती तुपाची दूरदृष्टी

मल्लेश्वरमच्या दर्शिनीत उभ्या उभ्या बाय-टू कॉफी घेणारे दोन मराठी गृहस्थ दिसले, तर ते हवेबद्दल बोलत नसतात. बेंगळुरूच्या हवेत आता बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. ते शेअरबद्दल बोलतात.

त्यांतल्या थोरल्यांना आपण नाना म्हणू. सगळी हयात कॉम्प्युटरच्या धंद्यात गेली. डेलचं मार्जिन किती, लेनोवो एचपीला कुठे खाणार, एसरनं शाळांची टेंडरं कशी मारली, हे सगळं त्यांना तोंडपाठ. चारही कंपन्यांची कचेरी याच शहरात, आणि चारांपैकी एकीचाही शेअर दलाल स्ट्रीटवर मिळत नाही. डेल आणि एचपी न्यूयॉर्कात, लेनोवो हाँगकाँगात, एसर तैपेईत. त्यामुळे नानांचा अंदाज आजवर एकदाही चुकलेला नाही. चुकायला पैसे लावावे लागतात.

एकदा मात्र त्यांनी हात घालायचं ठरवलं होतं. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रानं लॅपटॉपच्या आयातीला परवाना सक्तीचा केला. ‘आता बघा देशी माल!’ म्हणत नाना रात्रभर जागले. इकडे देशी उत्पादक डिक्सनचा शेअर उसळला. दुसऱ्याच दिवशी सरकारनं तो निर्णय १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलला. नानांचं स्वदेशीचं पर्व एका रात्रीत सुरू होऊन आटोपलंही.

‘नाना, देशी कॉम्प्युटरवाल्यांवर पैसा कुणी केला का हो?’ मी विचारलं. हा प्रश्न विचारायचा नसतो. कारण उत्तर अमळनेर आहे, आणि अमळनेरचं नाव काढलं की नानांची कॉफी कडू होते.

२९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी, म्हणजे आजची विप्रो, नोंदली गेली. कारखाना जळगाव जिल्ह्यात अमळनेरला, साने गुरुजी जिथे शिकवत त्या गावात. माल काय, तर सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ नंबरचा कपड्यांचा साबण. स्पर्धा डालड्याशी. गावातल्या लोकांनी शंभर रुपये दर्शनी किमतीचे शेअर घेतले आणि ट्रंकेत टाकले. १९६६ साली वडील वारले, म्हणून एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून परतले. १९७८ साली आयबीएमनं भारतातून गाशा गुंडाळला. त्या मोकळ्या जागेत एचसीएल, डीसीएम, बडोद्याची ओआरजी, बेंगळुरूची पीएसआय यांच्याबरोबर ही तूपवालीही घुसली. कॉम्प्युटर बनवू लागली. त्यातल्या एका मॉडेलचं नाव होतं ‘सुपर जीनियस’.

इकडे ट्रंकेतल्या कागदाला पिल्लं होत होती. १९९७ला एकावर दोन बोनस, २००४ला पुन्हा एकावर दोन, २००५ला एकास एक. मधल्या काळात शेअरचे तुकडे पडले ते वेगळेच. कंपनी काय विकते हे ट्रंकेला कळायचं कारणच नव्हतं. २०१३ साली तर कमाल झाली. तूप-साबणाचा धंदा वेगळ्या कंपनीत गेला आणि त्याच वर्षी विप्रोनं स्वतःच्या नावाचे कॉम्प्युटर बनवणंही थांबवलं. म्हणजे ज्या तुपावर विश्वास ठेवून शेअर घेतला ते गेलं, ज्या कॉम्प्युटरचा नानांनी आयुष्यभर अभ्यास केला तेही गेले. राहिले कोण, तर अमळनेरकर. गुंतवणुकीच्या व्याख्यानांत यालाच दूरदृष्टी म्हणतात. १९४६ साली वनस्पती तुपाच्या डब्यात त्यांना सॉफ्टवेअर दिसलं होतं म्हणे.

एक शंका मात्र या व्याख्यानांत कुणी काढत नाही. मुलीच्या लग्नासाठी, विहिरीसाठी, भावाच्या आजारपणासाठी ज्यांनी १९७०च्या आत कागद मोडले, त्यांना व्यासपीठावर कुणी बोलवत नाही. पीसीएल आणि झेनिथ याही कॉम्प्युटरच्याच कंपन्या होत्या, त्यांचेही कागद कुणीतरी तितक्याच श्रद्धेनं ट्रंकेत ठेवलेच असतील. संयम तोच, कुलूपही तेच. त्या ट्रंका उघडायला पत्रकार येत नाहीत.

हे मी नानांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि खिशातून एक कागद काढला. खानदेशातल्या तेल गिरण्यांची यादी होती, नव्यानं केलेली. कुठल्या मालकाचा मुलगा परदेशात शिकतोय, यावर लाल खुणा होत्या.

‘अहो नाना, आणि कॉम्प्युटरच्या कंपन्या?’

‘छे,’ नाना म्हणाले, ‘त्यात स्पर्धा फार आहे.’