पाच रकाने आणि पोतंभर मोमेंटो

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व स्वागताध्यक्ष,
सर्व गुणवंत विद्यार्थी सत्कार समित्या,
जळगाव व धुळे जिल्हा.

विषय : आपण दिलेल्या पुरस्कारांची नावे आखूड करून मिळण्याबाबत.

महोदय,

आभार सुरुवातीलाच मानून टाकतो, कारण आपल्या कार्यक्रमात आभारप्रदर्शनाची वेळ येईपर्यंत मंडप रिकामा झालेला असतो.

माझी जळगावची भाची यंदा बारावीला आहे. बालवाडीपासून आजवर आपण तिला जे जे दिलंत ते आधी शोकेसमध्ये होतं, मग शोकेसच्या वर गेलं आणि आता दिवाणाखाली पोत्यात आहे. मी धुळ्याचा मामा. नात्यात कुणाचाही फॉर्म भरायचा असला की मला बोलावणं येतं, त्यामुळे पोतं उपसायचं काम माझ्याकडे आलं. त्यात शिल्ड निघाली, प्रशस्तिपत्रं निघाली, दप्तरं निघाली, आणि एका मान्यवरांचा हसरा फोटो असलेली भिंतीवरची तीन घड्याळं निघाली. तिन्ही बंद आहेत. साहेब मात्र तिन्हींत हसतायत.

आपल्या औदार्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दहावीचा निकाल लागतो तेव्हा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, पण तुमचा फ्लेक्स उभा असतो. फ्लेक्सवर नेत्यांचे चेहरे परातीएवढे आणि गुणवंतांचे पोस्टाच्या तिकिटाएवढे, हा भाग सोडून देऊ. अटीबद्दल बोलतो. पत्रिकेत छापलेलं असतं, ‘८५ टक्क्यांच्या पुढील विद्यार्थ्यांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स जमा करावी.’ आठवड्याने कळतं की ७५ चालतील. आदल्या रात्री फोन येतो, ‘भाऊ, पास झालेले सगळे घेऊन या, मोमेंटो उरलेत.’ एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुठल्या परीक्षा मंडळाचं पाहिलेलं नाही.

अडचण आली ती फॉर्मपाशी. पोरीला अमेरिकेत अर्ज करायचाय. तिकडच्या हजाराहून जास्त कॉलेजांना एकच सामाईक अर्ज चालतो, त्याला कॉमन अ‍ॅप म्हणतात. त्यात सन्मान आणि पुरस्कारांसाठी रकाने आहेत पाच. सहावा नाही. प्रत्येक रकान्यात अक्षरं शंभर, मधली मोकळी जागा धरून. आणि मजकूर अर्थातच इंग्रजीत.

आम्ही पोत्यातलं सगळ्यात जड शिल्ड काढलं आणि त्यावरचं जसंच्या तसं रोमन लिपीत उतरवायला घेतलं : ‘कै. अमुक अण्णा तमुक यांच्या प्रथम पुण्यस्मरणानिमित्त अमुक नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित व तमुक मित्रमंडळ यांच्या संयुक्त विद्यमाने आयोजित गुणवंत विद्यार्थी गुणगौरव सोहळा’. शंभर अक्षरं संपली तेव्हा आम्ही ‘मर्यादित’पाशी होतो. मित्रमंडळ बाहेर, सोहळा बाहेर, आणि ज्याचा गुणगौरव तो विद्यार्थी तर फारच लांब. तिकडचा वाचणारा काय समजेल? पोरीने अण्णांच्या पतसंस्थेत काहीतरी केलं, आणि त्यानंतर अण्णा राहिले नाहीत.

पुढे पुरस्काराची पातळी विचारतात. शालेय, राज्य किंवा प्रादेशिक, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय, एवढेच पर्याय. कॉलनी नाही, समाज नाही, प्रभाग नाही. म्हणजे आपल्याकडच्या दहातल्या नऊ पुरस्कारांना उभं राहायला जागाच नाही.

आमच्या दाजींनी मात्र लगेच ‘आंतरराष्ट्रीय’वर बोट ठेवलं. पोत्यात ऑलिम्पियाडची चार सुवर्णपदकं होती ना. पोरीने शाळेतल्या नेहमीच्या बाकावर बसून पेपर सोडवला होता, आम्ही फी भरली होती, वर्गात पहिली आली म्हणून पदक आलं. तसं वर्गावर्गाला आलं, शाळाशाळांत आलं. आता गणिताची खरी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड असते, तिच्यासाठी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली मुलं पायरी पायरीने गाळत जातात आणि अख्ख्या देशातून शेवटी सहा जण उरतात. दाजी म्हणाले, ‘नाव तर तेच आहे ना?’ मी म्हणालो, ‘आहे. आपल्या गल्लीतल्या सलूनचंही नाव पॅरिस आहे.’ त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

आपण म्हणाल, अमेरिकेचं कौतुक कशाला सांगता, इथे आमच्या शिल्डला किंमत आहे. पाहू. इंजिनिअरिंगच्या सीईटीत पर्सेंटाइल दशांशाच्या सात घरांपर्यंत काढतात. सात घरं आहेत, पण तुमच्या मोमेंटोला त्यातलं एकही नाही. मेडिकलचं ‘नीट’ ७२० गुणांचं, तिथेही कुणी विचारत नाही. दहावीला थोडी दया आहे : इंटरमिजिएट चित्रकलेत ‘ए’ श्रेणी असेल तर ७ गुण वाढतात, खेळाडूला २५ पर्यंत मिळू शकतात. आणि कृषी पदवीच्या प्रवेशात शेतकऱ्याच्या पोरांना वर्षानुवर्षं सातबाऱ्यावर जादा गुण मिळत आलेत. म्हणजे या राज्यात सगळ्यात भरवशाचं प्रशस्तिपत्र देतो तो तलाठी, आणि त्याच्या सत्काराची पत्रिका मी अजून पाहिलेली नाही.

पुरस्कार द्यायची कला खानदेशाला येतच नव्हती असं मात्र नाही. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशाने लष्करी डॉक्टर, अभ्यास वनस्पतींचा. धरणगावात जन्मलेलं ठोमऱ्यांचं सोळा-सतरा वर्षांचं पोर, त्र्यंबक, तिथे कविता म्हणून गेलं आणि अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. संपला पुरस्कार. कुणाचं पुण्यस्मरण नाही, संयुक्त विद्यमान नाही, रोमन लिपीत लिहिलं तरी सात अक्षरं, रकान्यात त्र्याण्णव शिल्लक. शंभर वर्षांहून अधिक काळ झाला, लोकांना ठोमरे आडनाव आठवावं लागतं. आजच्या वयाच्या हिशोबाने तोही बारावीचाच विद्यार्थी. तुमच्यापैकी कुणी असतं तर त्या दिवशी संमेलनाला आलेल्या सगळ्यांनाच बालकवी करून, उरलेली पदवी अध्यक्षांना देऊन टाकली असती.

शिल्डचा मला राग आहे असंही समजू नका. प्रतिभाताई पाटील जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. पुढे त्या राष्ट्रपती झाल्या, तरी त्यांच्या अधिकृत परिचयात टेबल टेनिसचा उल्लेख राहिला : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत शिल्ड मिळवली, एवढंच. समोर दुसरं पोर बॅट घेऊन उभं होतं आणि ते हरलं, म्हणून शिल्ड मिळालं. ते राष्ट्रपतिभवनापर्यंत टिकतं. तुमच्या मंडपात कोण हरतं, ते एकदा कळवा.

आता ज्या गोष्टीने हे पत्र लिहायला बसवलं ती सांगतो. भाचीचा अर्ज चालू असताना साक्री तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे आला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, आता धुळ्यात राहतो, बाहेरच्या एका विद्यापीठात फी माफ होऊन जागा मिळते का ते पाहत होता. त्याचा पुरस्कारांचा रकाना कोरा. विचारलं, ‘काहीच नाही?’ म्हणाला, ‘नाही.’ ‘शिष्यवृत्ती वगैरे?’ ‘ती शे ना, एनएमएमएसनी. पन ते काय बक्षीस शे का, मामा? पैसा येतस खातामा.’

महोदय, एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीला असते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेली, सरकारी आणि अनुदानित शाळांतली पोरं ती देतात. बुद्धिमत्तेचा पेपर ९० गुणांचा, शालेय विषयांचा ९० गुणांचा. पास झालं आणि यादीत आलं की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये, थेट बँकेत. देशभरात एका वर्षाला नव्या शिष्यवृत्त्या एक लाख. केंद्र सरकारची योजना, म्हणजे पातळी राष्ट्रीय. आमच्या दाजींना चार सुवर्णपदकांतून जो शब्द ओढून काढावा लागत होता, तो या पोराच्या पासबुकात चार वर्षं पडून होता. हार नव्हता, फोटो नव्हता, मोमेंटो नव्हता, म्हणून त्याला वाटलं की हा पुरस्कार नव्हे. त्याला ते कुणी शिकवलं? मला वाटतं, आपणच. पुरस्कार म्हणजे स्टेजवर जाऊन घ्यायची वस्तू, हे आपण दोन जिल्ह्यांतल्या पोरांच्या मनावर इतकं पक्कं बिंबवलंय की त्याने स्वतःचा एकुलता एक राष्ट्रीय सन्मान लिहिलाच नाही. मी तो लिहायला लावला. साठ अक्षरांत बसला.

भाचीच्या रकान्यांत शेवटी गेलं ते असं : आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या जिल्हा गुणवत्ता यादीतलं नाव, इन्स्पायर मानकमधली निवड, ज्यात केळीच्या खोडाच्या धाग्यापासून तिने काहीतरी बनवलं होतं आणि त्यासाठी १० हजार रुपये तिच्या खात्यात आले होते, इंटरमिजिएट चित्रकलेची ‘ए’ श्रेणी, आणि गांधी रिसर्च फाउंडेशनच्या गांधी विचार संस्कार परीक्षेत शाळेत पहिली, कारण त्यासाठी तिने खरोखर पुस्तक वाचलं होतं. पाचवा रकाना कोरा ठेवलाय. फॉर्मला चालतं. दाजींना चालत नाही. रिकामी जागा दिसली की ते पोत्याकडे बघतात.

तरी आपणास विनंती की, यापुढे पुरस्काराचं नाव शंभर अक्षरांत बसेल असं ठेवावं, पुण्यस्मरण मागच्या बाजूला छापावं, आणि प्रशस्तिपत्रावर किती जणांमधून निवड झाली तो आकडा टाकावा. आकडा टाकायची लाज वाटत असेल तर टाकू नये, आम्ही समजून घेऊ. घड्याळ द्यायचंच असेल तर सेलसह द्यावं.

कळावे,
आपला,
फॉर्म भरणारा मामा, धुळे.

ता. क. : हे पत्र पाकिटात घालत असतानाच आपल्यापैकी एका समितीची पत्रिका आली. ‘परदेशी विद्यापीठात अर्ज केल्याबद्दल’ भाचीचा जाहीर सत्कार ठरला आहे. अर्जाची शेवटची तारीख १ जानेवारी, सत्कार ३१ डिसेंबरला संध्याकाळी, प्रमुख पाहुणे आल्यावर. दाजींनी पाचवा रकाना त्यासाठी राखून ठेवला आहे. आम्ही घरचे अकरा जण येऊ. भरीत असेल तर कळण्याच्या पुऱ्या जास्त सांगाव्यात.