पास्त्रामी पाहावी शोधून

परदेशी राहणाऱ्या माणसाला आईची आठवण छळते, अशी आपली समजूत. आमच्या भाडेकरूला पास्त्रामीची छळायची. आई रोज रात्री व्हिडिओ कॉलवर यायची. पास्त्रामीला ती सोय नव्हती.

हा गृहस्थ मूळचा ब्रुकलिनचा. तळेगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्रं बसवून द्यायला आलेला आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहिलेला. मराठी तो कारखान्यातल्या पोरांकडून शिकला, त्यामुळे ते थेट आंदर मावळातलं. "काका, पानी गेलंय जनू!" असं तो गॅलरीतून ओरडला की समोरच्या सोसायटीतली नवी बिऱ्हाडं माना वर करून बघत राहायची. मला तो काका म्हणे, हिला मावशी. काकाची बायको मावशी कशी, हा प्रश्न त्याला पडला नाही आणि आम्हीही तो उकरून काढला नाही.

धर्माने तो ज्यू. पण शनिवारी बिनदिक्कत स्कूटर चालवायचा आणि मालवणी खानावळीत कोलंबीचं ताट पुसूनपासून ठेवायचा. सँडविचमध्ये मेयोनीज दिसलं मात्र, की त्याचा धर्म खडबडून जागा व्हायचा.

पास्त्रामी म्हणजे काय, याची उलटतपासणी आमच्या स्वयंपाकघरात झाली. बैलाच्या छातीचं मांस मसाल्याच्या मिठवणीत कित्येक दिवस मुरवायचं, वरून धने-मिऱ्यांची भरड चोळायची, मंद धुरावर ठेवायचं, मग वाफवायचं, पातळ काप काढायचे आणि राय नावाच्या काळसर धान्याच्या पावात ते काप वीतभर उंच रचायचे. न्यूयॉर्कच्या हाउस्टन स्ट्रीटवर कॅट्झ नावाचं दुकान १८८८ पासून हा उद्योग करतंय. त्या प्रकारच्या दुकानाला डेली म्हणतात.

"म्हणजे आधी लोणचं, मग मसाला, मग धुरी, मग उकड," हिने हिशोब मांडला. "आणि एवढं करून शेवटी पावात?"

"व्हय मावशी."

"भात नाही?"

"भात नाय."

हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात अमेरिकेबद्दलची सहानुभूती काठोकाठ होती.

बैलाचा प्रश्न महाराष्ट्रात २०१५ सालच्या कायद्याने निकालात काढलेला. तरी याचं म्हणणं, मांस कुठलंही असो, पद्धत असली पाहिजे. पुण्यात त्याने हॉटेलं पालथी घातली होती. एका ठिकाणी मेनूवर 'डेली सँडविच' वाचून तो हरखला. आलं ते पनीर टिक्का, मेयोनीज आणि मक्याचे दाणे. वेटरला विचारलं तर तो म्हणाला, "सर, हे डेली असतं आमच्याकडे. मंडे टू संडे."

अशात त्याला कुठेतरी वाचायला मिळालं, की महाराष्ट्रात शेकडो वर्षांपासून मराठी बोलणारे ज्यू आहेत, बेने इस्राएल. आणि प्रेषित एलिया अग्निरथात बसून स्वर्गाला गेला तो खंडाळ्याहून, अशी त्यांची श्रद्धा आहे. हा रात्री साडेदहाला आमचं दार वाजवत खाली आला. "काका! खंडाळा! हितनं लोकल जाती!" त्याचं तर्कशास्त्र सरळ होतं. जिथे प्रेषित, तिथे ज्यू. जिथे ज्यू, तिथे डेली. मला संशय होता, पण माणसाला हिंडवून गाव दाखवायची मला फार दिवसांची खोड आहे. शंका काढली असती तर सहल बुडाली असती.

रविवारी सकाळी आम्ही तळेगावहून लोणावळा लोकल पकडली. हिने डब्यात पोळी-भाजी दिली होती, "मिळालं नाही तर असू दे" म्हणून. तिच्या बोलण्यातला 'तर' फक्त सौजन्याचा होता.

वडगाव आलं तेव्हा मी त्याला सांगितलं, की ज्या इंद्रायणी तांदळाचा भात तू आमच्याकडे तीन वेळा मागून घेतोस, तो वाण इथल्याच भात संशोधन केंद्रातला. कान्हे गेलं, कामशेत आलं. दाराशी उभ्या असलेल्या एका मावळकराने याला विचारलं, "कुठलं गाव, पाव्हनं?" याने "ब्रुकलिन" म्हटलं. मावळकराने जरा आठवून पाहिलं आणि म्हणाला, "पवनेच्या पल्याड का?"

मळवलीला मी त्याला उतरवला. कार्ल्याची लेणी न दाखवता कोणाला पुढे जाऊ देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. एकवीरेच्या पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंची दुकानं बघत तो खाण्याचा अंदाज घेत होता. पेढे होते, लिंबू सरबत होतं, कणसं होती. चैत्यगृहात शिरल्यावर मात्र गप्प झाला. एवढं मोठं कोरीव चैत्यगृह भारतात दुसरं नाही, आणि छताच्या लाकडी कमानी तर दोन हजार वर्षं तग धरून आहेत. मी त्याला खांबांवरचे ब्राह्मी लेख दाखवले. धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी यातले बरेच खांब दान दिल्याचं त्यांत लिहिलंय. यवन म्हणजे ग्रीक किंवा तिकडचे पश्चिमेचे लोक. व्यापाराच्या निमित्ताने इकडे येऊन राहिलेले.

"म्हंजी माज्यासारकं," तो म्हणाला.

"तुझ्यासारखेच. फक्त त्यांनी खांब दिला."

तो बराच वेळ त्या लेखाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, हे ऑलिव्ह कुटनं आनत आसतील?"

शिलालेखात देणगीदाराचं नाव असतं, गाव असतं. त्याला घरच्या जेवणाची आठवण आली की तो काय करत असे, हे कोरायला कोणी पैसे देत नाही. पण माझी खात्री आहे, की त्यातल्या एखाद्या यवनाने तरी आमच्या आजोळच्या कुठल्यातरी आजीला भाकरीत लोणी घालून 'आमच्याकडे असं नसतं' म्हणून छळलं असणार.

लोणावळ्याला पोचलो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि हा थबकला. समोर चिक्कीची दुकानं आणि प्रत्येक पाटीवर एकच घोषणा: असली, मूळची, जुनी, सर्वांत जुनी, नक्कल से सावधान, आमची कुठेही शाखा नाही. मगनलाल हे नाव तर वेगवेगळ्या उपसर्गांसह इतक्या पाट्यांवर, की खऱ्या मगनलालनेही आधी विचारून आत शिरावं.

"यातलं आसली कोनतं?" त्याने विचारलं.

शंभर वर्षांच्या वादाचं उत्तर मी फलाटाबाहेर उभ्या-उभ्या काय देणार? बोरघाटातून रेल्वेची वाट फोडली ती १८६३ मध्ये पुरी झाली. त्या कामावरच्या मजुरांना ताकदीसाठी गूळदाणी विकायचे, तीच पुढे चिक्की झाली, असं सांगतात. शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेचा, मजूर गावोगावचे, रेल्वे इंग्रजांची. या सगळ्यातून निघालेला पदार्थ आज लोणावळ्याची असली खूण. त्याने पाच दुकानांतले नमुने चाखले आणि प्रत्येक ठिकाणी "हे आसली" असं जाहीर केलं. दुकानदार एकमेकांकडे बघत नव्हते. कूपरच्या फजसाठी रांग होती, तीतही हा उभा राहिला. पास्त्रामीच्या शोधात निघालेल्या माणसाजवळ दुपारी बारापर्यंत दीड किलो गोड जमलं होतं.

मग त्याला टोस्ट सँडविचची गाडी दिसली आणि त्याने तिच्यापुढे ठाण मांडलं. गाडीवाल्याने पावाच्या दोन स्लाइस घेतल्या, कडेपर्यंत लोणी फासलं, वर हिरवी चटणी. मग उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, काकडी, टोमॅटो, कांदा, आणि सगळ्यांना रंग लावून जाणारं बीट. प्रत्येक थरावर दोन बोटांच्या चिमटीतून मसाला. दुसरी स्लाइस ठेवून त्याने ते चिमट्यासारख्या टोस्टरात दाबलं, बाहेर आलेल्या कडा सुरीने सटकन उडवल्या आणि टोस्टर विस्तवावर धरला. हात एकदाही थांबला नाही. शेवटी सहा तुकडे, वर किसलेलं चीज, बारीक शेव.

"मटन नाय?" याने विचारलं.

"व्हेज हाय."

"आमच्याकडं मटन एवढं आसतं." याने हाताने वीतभर उंची दाखवली.

गाडीवाल्याने उंचीकडे पाहिलं, मग आपल्या टोस्टरकडे पाहिलं. "मग झाकण कसं लागतं?" तो म्हणाला.

या प्रश्नाला ब्रुकलिनकडे उत्तर नव्हतं. त्याने सँडविच खाल्लं. दुसरंही खाल्लं. पण कागदाचा बोळा करताना मला बजावलं, की हे चांगलं आहे, असली नाही. मी म्हटलं, गाडीवाल्याला विचार, तो म्हणेल हेच असली.

खंडाळ्याला रिक्षाने गेलो. लोकल लोणावळ्यालाच संपते, हे त्याला आदल्या रात्रीच्या उत्साहात कळलं नव्हतं. पावसाळा नुकताच सरला होता. राजमाची पॉइंटला उभं राहिलं की समोर दरी, हिरवा घाट आणि पोटातून निघून पुन्हा पोटात शिरणारी आगगाडी. याने दरीकडे पाठ केली आणि भुट्टेवाल्याला विचारलं, "देवमानूस रथातनं वर गेला तो खडक कुटंय?"

"नाक दावू का?" भुट्टेवाला म्हणाला.

"नाक?"

"ते बगा, नागफणी. इंग्रज ड्यूकचं नाक म्हनायचे."

वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक म्हणे असंच टोकदार होतं. भाडेकरूने ते नाक नीट न्याहाळलं, त्यावर घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकाच्या खुणा शोधल्या. मग हताश होऊन म्हणाला, "नाक हाय. रथ नाय."

बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. टोपी, छत्री, निवृत्त मास्तर असावेत अशी बसण्याची ढब. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "अहो, ते हे खंडाळा नव्हे. ते अलिबागचं. साताऱ्याकडेही एक आहे, पण तिथेही रथ नाही."

भाडेकरूला मी अर्थ समजावून सांगितला. तो मटकन बाकावर बसला.

गुरुजी अलिबागकडचे निघाले. शाळेत असताना त्यांच्या वर्गात एक बेने इस्राएल मित्र होता, आडनाव गावावरून, शेवट 'कर'ने. नौगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली, त्यांचे हे वंशज, अशी त्यांची कथा. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. भाडेकरू कानात प्राण आणून ऐकत होता. शेवटी त्याने मुद्द्याचा प्रश्न विचारला: ते खातात काय?

"मलिदा," गुरुजी म्हणाले. "नवस फेडायचा असला, शुभकार्य असलं की करतात. त्याच एलियाच्या नावाने. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. वा! मी त्यांच्याकडे वाट्या वाट्या खाल्लाय."

"पोहे?" भाडेकरू म्हणाला. आवाज खोल गेला होता.

"मटणही करतात. पण त्यांच्यात मांसात दूधदुभतं घालत नाहीत, म्हणून नारळाचं दूध. आणि मासळी खवल्यांची. खेकडा नाही, कोलंबी नाही. अलिबागला राहून कोलंबी नाही! याला म्हणतात धर्म."

कोलंबीचं ताट पुसून ठेवणाऱ्याने मान खाली घातली.

गुरुजींचा तो मित्र पुढे इस्राएलला गेला. त्याची पत्रं यायची ती मराठीत आणि त्यांत तक्रार एकच, की इथे आपल्यासारखे पोहे मिळत नाहीत. सगळ्या जगाचे ज्यू भोवती, आणि याला कांदेपोहे हवे. तिकडच्या मराठी मंडळींनी 'मायबोली' नावाचं नियतकालिकही चालवलं. भाडेकरूने हे ऐकलं आणि बराच वेळ दरीकडे बघत बसला. तो पहिल्यांदाच दरीकडे बघत होता.

परतीच्या लोकलमध्ये तो फोनवर काहीतरी वाचत होता. तळेगाव यायच्या आत त्याने मला बातमी दिली: पास्त्रामी न्यूयॉर्कची नाहीच. ती रुमानियातून आलेल्या ज्यूंनी आणली, आणि त्याआधी नावाचं मूळ तुर्कस्तानात. रुमानियात ती हंसाचीही करत. अमेरिकेत बैल स्वस्त मिळाला म्हणून बैलाची झाली.

"मग आता मावळात काय स्वस्त?" मी विचारलं.

पुढच्या आठवड्यात वरच्या मजल्यावर चिनी मातीची बरणी गेली. मटणवाल्याकडून त्याने बोकडाचा सीना आणला, मिठवणीत घातला, आणि रोज कामावरून आल्यावर बरणीत डोकावून यायचा. धने आणि मिरे हिने भरडून दिले. धुरीसाठी गच्चीवर शेगडी, वर पत्र्याचा डबा, खाली आंब्याचा भुसा. वाफवायला त्याने मोदकपात्र मागितलं तेव्हा घरात काही काळ आणीबाणी होती. शेवटी जुन्या इडलीपात्रावर तह झाला. राय नव्हती, म्हणून नाचणीची भाकरी. त्यांच्याकडे पिवळी मस्टर्ड लावतात, तर हिने मोहरी फेसून दिली. पहिल्या घासाला ती अशी नाकात गेली, की त्याला ड्यूकच्या नाकाची दया आली असेल.

"हे पास्त्रामी नाय," डोळे पुसत तो म्हणाला आणि तिसरा काप उचलला.

"न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा बैलाची केली, तेव्हा रुमानियातला एखादा म्हातारा हेच म्हणाला असेल," मी म्हटलं. "आणि त्यानेही ताट सोडलं नसेल."

तेवढ्यात धुराची तक्रार घेऊन समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीवर आले. त्यांनी डब्यात पाहिलं, वास घेतला, "हे काय चाललंय?" म्हणत एक काप तोंडात टाकला, मग दुसरा. जाताना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकावर त्यांची टाइप केलेली चिठ्ठी चिकटवलेली होती: 'गच्चीवर मांस धुरावण्यामुळे रहिवाशांना त्रास होतो. तरी पुढील खेपेस दोन दिवस आधी लेखी कळवावे आणि मीठ कमी घालावे.'