बदलीची ऑर्डर

एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत मी बत्तीस वर्षं बदल्यांचे कागद केले. माणूस नकोसा झाला की सरकार त्याला काढत नाही, हलवतं. कामचुकार आदिलाबादला, भांडखोर भद्राचलमला. भांडण संपत नाही, पण इथलं टेबल रिकामं होतं. निवृत्तीनंतर सिकंदराबादेत घरी बसलो तेव्हा वाटलं, ही विद्या वाया गेली. मग एका सकाळी गच्चीवर सोळा माकडं उतरली आणि सौ.नं वाळत घातलेल्या कुरडयांचा पंचनामा करायची वेळ आली.

वॉचमननं वर बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "साब, ये लोगां मल्काजगिरी से आए."

खरंच आले होते. तिकडच्या एका कॉलनीनं वर्गणी काढून माकडं धरणारा आणला. त्यानं ती धरली आणि ठरल्याप्रमाणे 'जंगलात' सोडली. ते जंगल म्हणजे आमची गल्ली.

मी संबंधित कचेरीत अर्ज दिला. टेबलामागच्या तरुणानं पहिला प्रश्न विचारला, "लालतोंडं की टोपीवालं?" मी म्हटलं, "चोर." तो म्हणाला, "तसं नाही चालत. शेपूट केवढं?"

पोरगा हुशार होता. वन्यजीव कायद्याची 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि लालतोंडं, आखूड शेपटीचं उत्तरेकडचं माकड सगळ्या अनुसूचींमधून बाहेर पडलं. त्याचं दक्षिणेकडचं भावंड, डोक्यावर केसांची टोपी आणि मागे लांब शेपूट असलेलं, मात्र थेट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. एकाच गच्चीवर, एकाच कुरडईसाठी भांडणाऱ्या दोन माकडांपैकी एक व्हीव्हीआयपी आणि दुसरं कुणीच नाही. तेव्हा काठी उगारण्याआधी टेप घ्या, शेपूट मोजा, मग हुसकवा.

आता हे लालतोंडं दख्खनमध्ये आलं कसं? त्याची जुनी हद्द ढोबळमानानं तापी आणि गोदावरी. नदीच्या अलीकडे टोपीवाल्यांचं राज्य. बंगळुरूच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिलं, की लालतोंडी दक्षिणेकडे सरकत चालली आहेत आणि टोपीवाल्यांना मागे रेटत आहेत. त्यामागच्या कारणांत एक कारण आपलंच: शहरातली धरायची आणि ट्रकनं लांब नेऊन सोडायची. पुलावरून माकड चालत आलं असेल-नसेल, ट्रकनं नक्की आलं. एका माकडाला शेड्यूलमधून काढलं, दुसऱ्याला वर चढवलं, आणि पहिल्याला दुसऱ्याच्या घरात नेऊन सोडायचं काम मात्र अखंड चालू. माझ्या शाखेत असा घोळ झाला असता तर निदान मेमो तरी निघाला असता.

(तेलुगूत माकडाला 'कोति' म्हणतात. सुलतान बाजार-कोठी भागात आमच्या मराठी मंडळींची घरं पिढ्यान्‌पिढ्यांची. मल्काजगिरीचा कंडक्टर 'कोति, कोति' ओरडला की आमचे मामा बसमध्ये मान खाली घालून बसायचे.)

तेलंगण सरकारनं नवनवे उपाय केले नाहीत असं नाही. नांदेडला खेटून असलेल्या निर्मल जिल्ह्यात डिसेंबर 2020 मध्ये माकडांच्या नसबंदीचं केंद्र उघडलं. हिमाचलनंतर देशातलं हे दुसरं. उपाय शहाणा आहे, फक्त संथ आहे, आणि माकडं संथ नाहीत. त्याआधी सरकारी वृक्षारोपणात जंगलालगत फळझाडं लावून 'मंकी फूड कोर्ट' काढायची टूम निघाली. नाव वाचून मला तर मॉलच आठवला. झाड फळाला येईपर्यंत गिऱ्हाइकानं कुठे जेवायचं, हे कुणी लिहिलं नव्हतं. ते आमच्याकडे जेवतं.

सगळ्यात प्रामाणिक उपाय सिद्दिपेट जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं 2021 मध्ये केला. त्यानं दिवसाला पाचशे रुपये मजुरी देऊन एका माणसाला अस्वलाचा पोशाख चढवला आणि शेतात फिरवला. माकडं आणि रानडुकरं पळाली म्हणे. बातमी वाचून आम्ही हसलो. मग लक्षात आलं, की माणसाला रोजगार, पिकाला राखण, प्राण्याला इजा नाही आणि एकाचीही बदली नाही, असा दुसरा उपाय निदान माझ्या वाचनात नाही. उन्हाळ्यात त्या पोशाखाच्या आत काय होत असेल ते सोडा.

आता मोठ्या साहेबांकडे येऊ. मे 2020, टाळेबंदी. काटेदानजवळ भर रस्त्यात एक बिबट्या बसलेला सगळ्या हैदराबादनं मोबाइलवर पाहिला. तो पाच महिने बिनपगारी रजेवर फिरला आणि ऑक्टोबरात राजेंद्रनगरला पिंजऱ्यात आला. बदली: अम्राबाद. एप्रिल 2024 च्या अखेरीस दुसरा शमशाबाद विमानतळाचं कुंपण ओलांडून आत शिरला. पिंजरे लावले, कॅमेरे लावले, आमिषाला शेळ्या बांधल्या. शेळ्यांकडे दुर्लक्ष करत त्यानं चार-पाच रात्री काढल्या आणि मग सापडला. बदली: अम्राबाद. आता ऐका. तेव्हा लोकसभेची आचारसंहिता लागू होती. मतदानाच्या तोंडावर निवडणूक आयोगाला विचारल्याशिवाय साधा तहसीलदार हलवता येत नाही, आणि इथे पहिल्या अनुसूचीतला अधिकारी रातोरात हलला. आयोगाकडे तक्रार गेल्याचं ऐकलं नाही.

हे अम्राबाद म्हणजे श्रीशैलमच्या वाटेवर, नल्लमलाच्या डोंगरातलं व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, अडीच हजार चौरस किलोमीटरहून मोठं. फायलीत ते फार सोयीचं दिसतं. पण तिथे आधीपासून कुणी 'रुजू' असेल का, हा प्रश्न आमच्या शाखेतही कुणी विचारत नसे. तिथे बिबटे आहेत, वाघ आहेत आणि चेंचू माणसंही आहेत. गाभ्यातल्या काही वस्त्या बाहेर हलवायची फाइल वेगळी चालू आहे. म्हणजे शहरातला बिबट्या आत आणि जंगलातला माणूस बाहेर. दोघांचीही बदली, विनंतीवरून एकाचीही नाही.

बदलीचं पुढे काय होतं, हे महाराष्ट्रानं कधीच करून पाहिलं आहे. 2001 पासून जुन्नर भागात बिबटे धरून दुसरीकडे सोडायची मोहीम निघाली. संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी चार, मोहिमेनंतर सतरा. अनोळखी मुलखात टाकलेलं, बिथरलेलं जनावर आणखी काय करणार? 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या बिबट्याला गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. त्यानं ऑर्डर घेतलीच नाही. महामार्ग, रेल्वेचे रूळ, गावं ओलांडत सव्वाशेएक किलोमीटर चालून महिन्याभरात तो मुंबईच्या बाजूच्या जंगलात पोचला. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. वाटेत त्यानं एकाही माणसाला ओरखडा काढला नाही. पुढे डिसेंबर 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनानं त्याला उडवलं. वाहनाच्या गळ्यात पट्टा नव्हता.

एवढं हाताशी असताना डिसेंबर 2025 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात वनमंत्री गणेश नाईक यांनी कल्पना मांडली: नुकसानभरपाईला कोट रुपये जातातच, तर त्याऐवजी कोटभराच्या शेळ्याच जंगलात सोडाव्यात. बिबट्याला घरपोच डबा. शमशाबादच्या बिबट्याचं शेळीबद्दलचं मत त्यांना कुणी कळवलं नसावं. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची माणसं त्याच्या महिनाभर आधी बिबट्याच्या भीतीनं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होती. त्यांच्यापुढे हा विनोद कसा करायचा, मला जमलेलं नाही.

एक बदली मात्र नियमात झाली. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेची अत्तापूरला लुप्तप्राय प्राण्यांची प्रयोगशाळा आहे. तिनं आणि नेहरू प्राणी संग्रहालयानं 2010 पासून पिसोरी हरणं वाढवली. सशाएवढं, लाजाळू जनावर. सात वर्षांनी त्यातली काही अम्राबादलाच नेली, आधी कुंपणात ठेवून जंगलाची सवय लावली, मग सोडली. म्हणजे प्रशिक्षण, परिवीक्षा, मग नेमणूक. पण ही बातमी कुणाच्या व्हॉट्सअॅपवर येत नाही. पिसोरीनं रस्ता अडवला असता तर आली असती.

नाहीतर मोरांचं काय झालं बघा. मार्च 2025, उगादीची सुट्टी, हैदराबाद विद्यापीठाशेजारी कांचा गच्चीबावलीची चारशे एकर जमीन. आयटीसाठी सरकारला ती हवी होती. कोर्टं बंद, बुलडोझर चालू. रात्री मोर ओरडत होते, त्याची चित्रफीत देशभर फिरली. सरकारनं सांगितलं, हे जंगलच नव्हे आणि बरीचशी चित्रं एआयची. आयटी कंपन्यांसाठी जागा करताना एआयवरच आळ! 3 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं काम थांबवलं, तोवर शंभरेक एकरांवर नांगर फिरला होता. मोरांना ना ऑर्डर, ना प्रवासभत्ता.

आणि जुबिली हिल्सचं केबीआर राष्ट्रीय उद्यान? त्याच्याभोवतीचं संवेदनशील क्षेत्र 2020 मध्ये ठरलं: कुठे 29.8 मीटर, कुठे 3. तीन मीटर! आमच्या गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर माकड याहून लांब उडी मारतं.

परवा सोसायटीची सभा झाली. मी जुन्नरची आकडेवारी छापून नेली होती. अध्यक्ष म्हणाले, "सर, ते बिबट्याचं. हे माकड आहे." सेक्रेटरी म्हणाले, कचरापेटीला झाकण लावू. त्यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली, कारण झाकणाचा खर्च कुणी करायचा हे ठरेना. मंगळवारी मारुतीच्या देवळाबाहेर केळी वाटणं बंद करा म्हटल्यावर तीन जणी उठून गेल्या. त्यात सौ. होती. शेवटी घरटी तीनशे रुपये वर्गणीचा ठराव सूचक-अनुमोदकासह पास झाला. माकडं धरणारा तोच, मल्काजगिरीवाला.

पत्र कुणी लिहायचं म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात आपोआप चालला. संख्या: सोळा. शेपटीची लांबी: नोंद नाही. कारण: प्रशासकीय निकड. रुजू होण्याचं ठिकाण लिहिताना जरा थांबलो, तर मागून अध्यक्षांचा आवाज आला, "लिहा की, मूळ जागी परत."

मल्काजगिरी लिहून मी खाली सही केली.